तेरावी बाटली

"ही शेवटची," फिर्मँ म्हणाला आणि त्याने वाइनची बाटली टेबलावर ठेवली. "गारगोट्यांच्या उतारावरची. आता दाखवायला शेत उरलं नाही."

ओदेतने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"शेवटची आहे म्हणून पास करणार नाही हं," असं म्हणत तिने शेळीच्या दुधाच्या चीजची ताटली पुढे सरकवली.

फ्रान्समधल्या सांसेर गावच्या जत्रेत यंदा एक वाइन आणि एक चीज अशा जोड्या मांडायच्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या आणि शाव्हिन्योल गावात चीज करणाऱ्या ओदेतच्या वाट्याला टेकडीपलीकडचा वाइनवाला फिर्मँ आला. दोघंही साठी ओलांडलेली, दोघंही एकटी. आपली द्राक्षांची तेरा शेतं आहेत, प्रत्येकाची माती वेगळी, असं त्याने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. दर गुरुवारी एका शेताची बाटली आणायची आणि जुळेल ती जत्रेला न्यायची, असं ठरलं. बाटलीवर लेबल नसायचं, नुसता खडूने आकडा.

पहिल्याच गुरुवारी ओदेतने चीजचा तुकडा जिभेवर ठेवला, वर एक घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले. थंडगार, करकरीत, शेवटी लिंबाची धार. चीजचा खारटपणा त्या घोटात असा विरघळला की तिला हसूच आलं. डोळे उघडले तर समोर फिर्मँ टोपी कुरवाळत निकालाची वाट बघत होता. किती दिवसांनी या टेबलाशी दुसरं माणूस बसलं होतं!

"छे," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी दुसरी आणा."

मग काय, तिच्या जिभेला धारच चढली. चौथी फार आंबट. सातवीत चुनखडी बोलते. नववीला धुराचा वास. फिर्मँ गंभीरपणे सगळं वहीत उतरवून घ्यायचा. नुसत्या चीजवर काय कळणार, म्हणून तिने एकदा लोण्यात परतलेला नदीचा मासा केला, एकदा ऑम्लेट, एकदा कोवळा अ‍ॅस्परॅगस. तो पावाने ताटली लख्ख पुसायचा.

"स्वयंपाक पास, वाइन नापास," जाताना तो म्हणायचा. "कमाल आहे बाई तुमची!"

आज तिने माशावर जरा जास्तच लोणी सोडलं होतं.

"आणि ही नाहीच जुळली तर?" तिने विचारलं.

"तर पलीकडच्या गावातल्या शेळीवालीकडे जाईन. ती इतके नखरे करत नाही म्हणे."

"जा की! तिचं चीज म्हणजे भिंतीचा चुना."

तो हसला. तिला मात्र हसता येईना. हो म्हटलं तरी गुरुवार संपले, नाही म्हटलं तरी संपले. तिने घोट घेतला. वाइन फक्कड होती. तिने ग्लास खाली ठेवला आणि मनाचा हिय्या केला.

"फिर्मँ, मी तुम्हाला फसवलं. पहिलीच बाटली जुळली होती. पहिल्याच घोटाला. बाकीच्या मी उगाच नापास केल्या." तिचे कान तापले. "तुम्ही यावं म्हणून. आता रागवा, नाहीतर वही फेकून मारा. पण जत्रेला पहिलीच न्या. तिची सर एकीलाही नाही."

फिर्मँच्या हातात टोपी गरगरा फिरत राहिली. त्याचेही कान लाल झाले होते.

"चौथीसुद्धा नाही?" त्याने विचारलं.

"ती तर मुळीच नाही. भलती आंबट."

"अवघड झालं," तो म्हणाला. "माझं शेत एकच आहे, ओदेत. पिंपही एकच."