कॅसेटमधली ढोलकी

ताडकळसच्या बाजारात बन्सीधरची कॅसेट वाजत होती. पेटी, तुणतुणं, पावा, ढोलकी, गाणं, सगळं त्या एकट्याचं! घरी दोन टेप जोडून त्यानं एकावर एक वाद्य भरलं म्हणे. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून ढोलकी मी बडवली आणि कॅसेटच्या वेळी मला साधा निरोपसुद्धा नाही. जळफळत दुकानापुढं थांबलो आणि त्याची चूक शोधायला लागलो. सोबतची बायको म्हणाली, “लय गोड वाजवलीय की तुमी!” “मी न्हाई. बन्सीधरच हाय तो.” “उगं कायबी! तुमचा हात मला वळखू येत न्हाई का?” मी कान दिला. दर आवर्तनात डाव्या हाताची थाप किंचित उशिरा पडत होती, अगदी माझ्यासारखी. कडबा कापताना माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून माझी थाप अशीच पडते. बन्सीधरची दहाही बोटं शाबूत आहेत; तरी त्यानं मुद्दाम माझीच थाप वाजवली होती.