शिंपल्यांची बाई

पार्सिपनीहून तीन तास ड्राइव्ह करून आल्यावर वल्लरीच्या सासऱ्यांचे, नानांचे गुडघे धरले. ते गाडीतच थांबले, तेही हौसेने स्टिअरिंगमागे बसून. वल्लरी सासूबाईंना घेऊन त्या जुन्या बंगल्याखालच्या भुयारात उतरली. भिंती, छत, कमानी, सगळं शिंपल्यांनी मढवलेलं. मधोमध शिंपल्यांचीच एक बाई. आईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढून तिच्या कपाळाला बोट टेकवलंसुद्धा.

"आई, इथे टच नाही करायचं!"

"असं भुंडं कपाळ बघवत नाही गं मला."

निघताना वल्लरीने जिन्याजवळची पाटी वाचून सांगितली. "नवरा समुद्रात बुडाल्यावर या बंगल्याच्या मालकिणीने वीस वर्षं एकटीने हे शिंपले चिकटवले. तो पुतळाही तिचा स्वतःचाच."

"अगं बाई!" आई क्षणभर घुटमळल्या. "असू दे. ती काय उलट मला लावायला येणार आहे?"

तेवढ्यात वर गाडीचा हॉर्न वाजायला लागला.

"आले हो! मेली काय ती घाई!" म्हणत आई जिना चढून उन्हात आल्या.

वल्लरीने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळचं ठसठशीत कुंकू पार पुसलं गेलं होतं आणि त्या जागी ओल्या वाळूचं एक बोट उमटलं होतं.

हॉर्न थांबतच नव्हता.