घरचा आधार

डायलिसिसच्या यंत्रावर एकाच माणसाची जागा रिकामी झाली होती आणि मागणारे होते दोघे. रुग्णालयाच्या समितीने गुण मांडले. आजाराला चाळीस, प्रवासाच्या त्रासाला तीस, घरच्या आधाराला तीस. पहिल्या दोन्हींत शिंपीकाका पुढे होते. तिसऱ्यात त्यांना शून्य मिळालं. दुसरी रुग्ण एक तरुण आई. तिचा नवरा, सासू आणि भाऊ बाहेरच्या बाकावर दाटीवाटीने बसले होते. जागा तिला गेली.

कोणी पक्षपात केला नव्हता. आधाराला एवढं वजन द्या, हा आग्रह समितीतल्या समाजसेविकेचाच. यंत्रावरून उठलेल्या माणसाला चक्कर येते, पथ्यपाण्याकडे बघायला कोणीतरी लागतं, नाहीतर सगळं मुसळ केरात, असं तिने बैठकीत ठासून सांगितलं होतं. ती स्वतः एकटीच राहायची. तापात पाणी द्यायला कोणी नसलं की काय होतं, हे तिला दुसऱ्याने सांगायला नको होतं.

"ताई, तुम्हीच सांगा त्यांना," म्हणून मोठे डॉक्टर निघून गेले.

काका तिच्यासमोर बसले. निकाल ऐकून त्यांनी मान डोलावली.

"माझं कशात कमी पडलं?"

"घरी कोणी नाही ना, काका."

"अस्सं." ते जरासे हसले. "दुसरं काही असतं तर हातपाय मारले असते. हे आता या वयात कुठून शिवून आणू?"

"पुढची जागा झाली की तुमचं नाव परत घेऊ आपण."

"तेव्हाही गुण हेच लागणार ना?"

बाहेर बाकावरचे सगळे एकदम उठले, कोणीतरी मोठ्याने हसलं, मग पावलं लांब गेली.

म्हणजे काकांना डायलिसिससाठी पुन्हा ते बसने गाठायचं लांबचं रुग्णालय, आठवड्यातून तीनदा. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "परत येताना बसमध्ये शेजारी असतं का कोणी ओळखीचं?"

"पिशवी ठेवतो शेजारी," काका म्हणाले. "चढणारा विचारतो, इथे कोणी आहे का?"

ते उठले, खुर्ची नीट सरकवून ठेवली.

"मी हो म्हणतो."