इंजिनची तहान

"हेड गॅस्केटच गेलंय, उस्ता. सरळ इंजिन खोल," कजाम म्हणाला. ट्रक अजून पुरता थांबलाही नव्हता.

"डॉक्टर तू की मी?" बुशाराने फडक्याला हात पुसले. "पोट दुखतंय म्हणणाऱ्याचं कोणी लगेच पोट फाडतं का?"

वाळवंटाच्या काठावरच्या मलीटच्या बाजारात बुशाराचं याच गोष्टीसाठी नाव होतं. लिबियाच्या वाटेवर झिजलेले डिझेल ट्रक त्याच्याकडे यायचे आणि सगळं तपासून झाल्याशिवाय तो इंजिनाला पाना लावायचा नाही. बाकीचे मेकॅनिक आधी खोलायचे, मग डोकं खाजवत बसायचे.

कजाम एरवी तोंडाळ, हसरा ड्रायव्हर. आज त्याचे ओठ फुटले होते आणि डोळे खोल गेले होते. त्याच्यामागून एक म्हातारा उतरला. पांढरा फेटा, दंडाला बांधलेली सुरी.

"हे हाजी तैराब, आमच्याच जमातीतले," कजाम म्हणाला.

बुशाराने चहा पुढे केला. हाजीने पेला घेतला आणि तसाच वाळूवर ठेवून दिला.

"आधी तुझं काम होऊ दे," तो म्हणाला. "नीट बघ. घाई करू नकोस. तू सांगशील ते आम्ही मानणार आहोत."

म्हाताऱ्याची ट्रकमध्ये भागी असणार, बुशाराने ताडलं. चहाला नाही म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर भागीदार.

"आता सांग, होतंय काय?"

"लिबियाहून येताना पाणी पीत होता," कजाम म्हणाला. "रेडिएटरचं झाकण उघडलं की पाणी खाली गेलेलं. भरायचो, पुढे जायचो, की पुन्हा खाली. डोळ्यांनी पाहिलंय मी, उस्ता. उंटाच्या वर पीत होता!"

"आणि तापमानाचा काटा?"

"तो कधीचा मेलाय."

बुशारा कामाला लागला. ऑईलची पट्टी ओढून बोटावर चोळली. काळंभोर, स्वच्छ ऑईल. पाणी मिसळल्याच्या दुधाळपणाचं नाव नाही. पाण्याचा पंप खालून कोरडा. होस पाइप जुने, पण शाबूत. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडात पाहिलं, बुडबुडा नाही. सायलेन्सरपाशी हात धरला, हुंगलं, वाफ नाही. हाजी प्रत्येक ठिकाणी मागोमाग येऊन उभा राहत होता. नुसता बघत होता. बुशाराला पाठीवर ते डोळे जाणवत होते, आणि ते त्याला आवडलं नाही.

हाजी नमाजासाठी बाजूला गेला तसा कजाम बॉनेटखाली वाकला.

"उस्ता, गॅस्केट गेलंय, म्हणून इंजिन पाणी पीत होतं, असं म्हण."

"गेलेलं नाही ना पण."

"नुसतं म्हण रे! तुझं काय जातंय? हवं तर खोलून टाक, तोडून टाक. ट्रकचं काहीही होऊ दे."

आता बुशाराच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रक मेला म्हणायचं आणि म्हाताऱ्याची भागी मातीमोलाने लाटायची! त्याला कजामचा रागच आला.

"माझ्या तोंडून खोटं निघायचं नाही," तो म्हणाला. "त्या पांढऱ्या दाढीची तरी लाज ठेव."

कजामने त्याचं मनगट घट्ट धरलं. मग हाजी परत आला आणि कजामने मनगट सोडलं.

बुशाराने रेडिएटरमध्ये पाणी गळ्याच्या थोडं खालपर्यंत ठेवलं आणि पोत्यांनी भरलेला ट्रक भर उन्हात कोरड्या नाल्याच्या वाळूतून वरखाली पळवला. इंजिन निवल्यावर झाकण उघडलं. पाणी होतं तिथेच. मग त्याने ते काठोकाठ भरलं आणि पुन्हा तसाच पळवला. या वेळी खालच्या बारीक नळीतून पाणी ओघळताना तिघांनीही पाहिलं. निवल्यावर पाहिलं, तर पाणी आधीच्याच जागी येऊन थांबलेलं.

बुशारा मोठ्याने हसला. रोग सापडला की त्याला लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

"हाजी, तुमचा ट्रक धडधाकट आहे! पाणी तापलं की फुगतं. काठोकाठ भरलं, तर जास्तीचं ओकून टाकतं आणि आपल्या पातळीला थांबतं. हा शहाणा ते पाहून घाबरायचा आणि पुन्हा काठोकाठ भरायचा. इंजिन पुन्हा ओकायचं. पीत बीत काही नव्हतं."

कजाम चाकाला टेकून खाली बसला.

"थोडंही लागलं नसतं?" हाजीने विचारलं.

"थेंबभरही नाही."

"शेवटी दोन पखाली उरल्या होत्या. त्या दोन्ही याने ओतल्या."

"त्या वाळूने प्यायल्या, हाजी. न ओतता ट्रक गाणी म्हणत मलीटला आला असता."

"हे तू पंचांसमोर सांगशील?"

"कुराणावर हात ठेवून सांगेन!" बुशारा म्हणाला. भागीचा तंटा पंचांपर्यंत गेलाय तर. म्हाताऱ्याचं भलं झालं म्हणून त्याला मनापासून बरं वाटलं.

"मला खरंच वाटलं होतं, काका," कजाम खालूनच पुटपुटला. "मी स्वतःसुद्धा घोटभर घेतलं नाही."

हाजीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो बुशाराच्या अगदी जवळ आला.

"ट्रक माझा नाही, उस्ता. त्या पखालींतलं पाणी माझा मुलगा सनूसी मागत होता, आणि हा म्हणाला, आधी इंजिन. पोराला आम्ही वाटेवरच पुरलं. पंच म्हणाले, बुशाराकडे जा. इंजिनला पाणी लागत होतं असं तो म्हणाला, तर कजामला रक्त माफ. नव्हतं म्हणाला, तर रक्ताला रक्त."