अनोळखी चूक

लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामसाठी आम्ही क्लोजर या संगणकीय भाषेत प्रत्येक प्रकारच्या बिघाडाला वेगळी मेथड, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिहिली होती. सेन्सर तुटला तर एक, नेट गेलं तर दुसरी. कशातच न बसणारा बिघाड ‘डिफॉल्ट’ मेथडकडे जायचा. तिथे मी लिहिलं होतं, सगळं थांबव आणि भोंगा वाजव. टीम लीडने माझ्या डोळ्यांदेखत ती ओळ पुसली.

"गिऱ्हाइकासमोर बोंबाबोंब नको. अनोळखी चूक दिसली की ‘निल’ परत द्यायचं, म्हणजे काहीच नाही, आणि गप पुढे जायचं. उगाच अक्कल पाजळू नकोस."

महिन्याभरात लसींच्या फ्रिजना नव्या बनावटीचे सेन्सर बसले. त्यांचा बिघाड आमच्या एकाही मेथडला ओळखता आला नाही. दोन दिवस फ्रिज बंद होते आणि पडद्यावर ‘सर्व ठीक’ झळकत होतं. चार हजार लसी फेकून द्याव्या लागल्या.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "ही डिफॉल्ट मेथड कोणाची?"

"हिची." लीडने माझ्याकडे बोट दाखवलं. "हजारदा बजावलं होतं हिला."

मी गप्प.

"बोला की आता! तोंड शिवलंय का?" साहेब माझ्यावर खेकसले.

"यांनीच शिकवलंय, साहेब. अनोळखी चूक दिसली की गप बसायचं." मी लॅपटॉप फिरवला. भोंग्याची ओळ कोणी आणि कधी पुसली, ते कोडच्या इतिहासात नावानिशी होतं. "पण ही ओळखीची आहे."