एकशे ऐंशी मिलिअँपिअर

कॅमेरा बंद होता आणि मीटरवरचा आकडा एकशे ऐंशीवरून हलायला तयार नव्हता. तिने तारा काढून पुन्हा लावल्या. कॅमेरा चालू केला, एकशे ऐंशी. बंद केला, समोरचा हिरवा दिवा शहाण्यासारखा विझला; आकडा तोच. बंद कॅमेऱ्याने एवढी वीज खायचं काही कारण नव्हतं.

तिने ड्रायव्हरचा, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड उघडला. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. त्याला उठवायचा आणि निजवायचा क्रम ठरलेला असतो. निजवायचा क्रम नीट लिहिलेला होता. आधी चित्र थांबवायचं, मग क्लॉक, मग एकेक करून तिन्ही व्होल्टेज. पण त्या सगळ्याच्या वर, दिवा विझवून झाल्या झाल्या, एक ओळ होती: इथूनच परत फिरा. ती टाकल्यापासून आठ महिन्यांत तिच्या खालचं एक अक्षरही चाललं नव्हतं. ओळीपुढे गुरुजींची आद्याक्षरं होती.

गुरुजी म्हणजे टीमचे प्रमुख. अर्ध्या ऑफिसला त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं, तिलाही. तिने जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. सेन्सर परत उठायला अडीच सेकंद घेतो, दहातून एकदा उठतच नाही, मग गिऱ्हाईक बोंबलतं. म्हणून त्याला निजवायचंच नाही असं आपण ठरवलं, म्हणाले. 'आपण' म्हणाले.

"दिवा विझतो ना? माणसं दिवाच बघतात गं."

हे कॅमेरे तान्ह्या बाळांच्या खोल्यांसाठी होते. संध्याकाळी माल निघायचा होता आणि तपासणीच्या कागदावर तिची सही तेवढी बाकी होती.

तिने पेन उचललं नाही, तेव्हा गुरुजींना वाटलं, हिला अजून पटलेलं नाही. चाचणीसाठी ऑफिसातल्या वीसेक जणांनी कॅमेरे घरी नेले होते. तिनेही हौसेने नेऊन पाळण्यावर लावला होता. बाळाला पाजताना ती तो आठवणीने बंद करायची. आज निघतानाही केला होता. सासूबाई घरात असताना त्याची गरज काय? गुरुजींनी संगणकावर त्या कॅमेऱ्यांची यादी काढली आणि नेमका तोच उघडला.

"बघ, पापणी लवायच्या आत."

पडद्यावर तिची खोली आली. पाळणा, घडी घातलेली दुपटी, ती पाजायला बसते ती खुर्ची.

"अंधारातले रंग मी तुझ्याच घरावर जुळवले," गुरुजी कौतुकाने म्हणाले. "खुर्ची तेवढी खिडकीकडे सरकव. तुझी पाठ मध्ये येते, बाळ नीट दिसत नाही."

याच हातांनी त्यांनी सकाळी बिस्किटांचा पुडा पुढे केला होता आणि तिने दोन घेतली होती. ती अजून पोटात होती.

सही करणार नाही, असं तिने सांगितलं. ते चिडलेसुद्धा नाहीत. कागद स्वतःकडे ओढून त्यांनी सही ठोकली आणि दमलीयेस तू, लवकर घरी जा, म्हणाले.

तिने घरी फोन लावला. पडद्यावर सासूबाई बाळाला घेऊन खोलीत आल्या होत्या; त्याला पाळण्यात ठेवून त्या फोन घ्यायला वळल्या. कॅमेऱ्याची वायर भिंतीतून उपटा, आत्ताच्या आत्ता, ती म्हणाली.

"काढते की," सासूबाई म्हणाल्या. "पार भिजवलंय मला या लबाडाने. दार लावलंय, कपडे तेवढे बदलते नि काढते."

"नको, आई, आधी..."

त्यांनी फोन ठेवला होता. पडद्यावर त्यांचा हात गळ्याजवळच्या बटणाकडे गेला. तिने दोन्ही तळवे पडद्यावर दाबून धरले.

"हात काढ गं," मागून गुरुजी म्हणाले, "स्क्रीनला डाग पडतात."