थंड हवेचं घर

कूलर नत्थूजींचाच होता. निळ्या रंगाचा, पत्र्याचा, डाव्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः थापलेल्या एम-सीलचा डाग असलेला. दीड वर्षापूर्वी नागपूर सोडताना त्यांनी तो शेजारच्या गणपतरावांना देऊन टाकला होता आणि वर, "चिखलदऱ्याले काय करू जी याचं? कपडे वाळत घालू?" असं म्हणून सगळ्या कॉलनीला हसवलं होतं. आता तोच कूलर गणपतरावांच्या खिडकीत घरघरत होता. वाळ्याच्या नव्या ताट्यांचा वास खोलीभर पसरला होता. आणि तो परत कसा मागावा, या विचारात नत्थूजी त्याच्यासमोरच बसले होते.

मागणं भाग होतं. नवतपा, मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, चार दिवसांवर आला होता आणि इथेच नागपुरात, मानेवाड्याच्या भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली त्यांची बायको प्रेमलताबाई पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झाल्यावर नवा कूलर घेण्याइतकं हातात काही उरलं नव्हतं.

"पेन्शनच्या कामानं आलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, भेटून जावं."

"वहिनीले नाही आणलं?" गणपतरावांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, पन्ह्याचा गिलास पुढे केला.

"तिले गर्मी सोसत नाही."

एवढं एक वाक्य खरं होतं. बाकी सगळा कारभार फोटोंवर चालला होता. चिखलदऱ्याला गेल्या गेल्या काढलेले चाळीसेक फोटो नत्थूजी मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर पुरवून पुरवून टाकत होते. काल सकाळीही दरीवरचा सूर्योदय टाकून त्याखाली लिहिलं होतं, 'आज पंखासुद्धा लावला नाही.' हे लिहिताना ते दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

"थांबा, तुमाले एक गंमत दाखवतो," म्हणत गणपतराव आत गेले आणि फाइल घेऊन आले.

ती फाइल कॉलनीत कोणाला माहीत नव्हती? मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानं हिंडणारा हा माणूस. रिटायर झाल्यावर काटोलला राहायला जायचं, म्हणून बारा वर्षं तो ती भरत होता. मे महिन्यात विहिरीला पाणी किती, शेवटची बस किती वाजता, डॉक्टर किती पावलांवर. नत्थूजींनी मात्र तीन दिवसांच्या सहलीत घर पसंत केलं आणि महिन्याभरात इथलं विकून टाकलं. निरोपाच्या जेवणात ते माइक घेऊन म्हणाले होते, "गणपतरावांची फाइल पूर्ण होईल, तवा ते सरळ वरच राहाले जातील." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गणपतरावही हसले होते, जरा उशिरा.

"एक वर्ष भाड्यानं राहून पाहा, म्हणत होतो मी तुमाले," गणपतराव आता म्हणाले. "चुकलो. सारी जिंदगी मी नुसता विचारच करत राहिलो. तुम्ही बरोबर केलं."

त्यांनी फाइल उघडली. काटोलची पानं काढून टाकली होती. त्या जागी नत्थूजींचे फोटो होते. रंगीत छापून आणलेले, तारखेवार लावलेले.

"तुमच्याच लायनीत खालचं घर निघालं आहे. जाऊन नाही पाहिलं. म्हटलं, नत्थूजी रोज दाखवून राहिले, तं आपण काय वेगळं पाहणार? उद्या या घराच्या विक्रीच्या सह्या आहेत."

"उद्या?"

"हाव. पहिल्यांदा जिंदगीत फटकन काही केलं."

सिंधूताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "भाऊजी, एक विचारू? पायऱ्या गिऱ्या तं जास्त नाहीत न? माह्या गुडघ्यायचं तुमाले माहीत आहे."

पायऱ्या एकतीस होत्या. पावसात त्यांवर शेवाळ धरायचं. यंदा मार्चच्या अवकाळी पावसात प्रेमलताबाई बाराव्या पायरीवरून घसरल्या, तेव्हा नत्थूजी गच्चीवर धुक्याचे फोटो काढत होते. बायकोची हाक त्यांना ऐकू आली नव्हती. खाली आले ते फोटो तिला दाखवायलाच.

नत्थूजींना सिंधूताईंकडे पाहवेना. लाजेनं कान तापले होते, आणि समोरून त्यांचाच कूलर त्यांच्या तोंडावर गार वारा सोडत होता. उठावं, पुढच्या महिन्यात फोन करतो म्हणावं आणि चालू लागावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. चप्पल दाराशीच होती.

त्यांनी पन्ह्याचा गिलास खाली ठेवला.

"गणपतराव, माझा कूलर मले परत पाहिजे होता."

गणपतराव खो खो हसले. "चिखलदऱ्याले? काय करान जी त्याचं? कपडे वाळत घालान?"

नत्थूजी हसले नाहीत. मान खाली घालून फरशीकडे पाहत राहिले.

गणपतरावांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी एकदा नत्थूजींच्या घामेजल्या शर्टाकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या फाइलकडे. ती मिटून बाजूला ठेवली. मग उठले, खिडकीशी गेले आणि कूलरचं बटण बंद केलं. घरघर थांबली.

"वहिनी कुठी आहेत?" त्यांनी विचारलं.